गोधडी आणि फास

१

लोककलांचे मेळावे, ग्रामीण कारागिरीच्या जत्रा आणि जुन्या जीवनाची प्रदर्शने यांचे आपल्याकडे आता चांगलेच पेव फुटले आहे. जिल्ह्याच्या गावी मैदान मिळाले की तेथे गवताची छपरे उभी राहतात. जमीन सारवली जाते. एका कोपऱ्यात कुंभाराचे चाक, दुसऱ्यात जाते, तिसऱ्यात चुलीवरचे पिठले आणि भाकरी. माणसे येतात, मुलांना सगळे हौसेने दाखवतात, छायाचित्रे काढतात आणि दिवेलागणीला घरी परततात. या प्रकाराकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक पक्ष म्हणतो की परंपरा जिवंत ठेवण्याचे हे पुण्यकर्म होय. दुसरा पक्ष नाक मुरडून म्हणतो की ही शहरी माणसाची दोन घटकांची करमणूक आहे. खेड्याशी तिचा काही संबंध नाही.

मला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. उत्सवाने परंपरा जगते की मरते हा प्रश्न महत्त्वाचा आहे खरा. परंतु त्याच्याही आधीचा प्रश्न निवडीचा आहे. समाजाने आपल्या भूतकाळातून काय उचलून मंडपात आणले आणि काय बाहेरच ठेवले? कादंबरीकाराला आपण विचारतो की बाबा रे, एवढे सांगितलेस आणि नेमके ते का गाळलेस? मग जत्रा भरवणाऱ्याला तेच विचारायला काय हरकत आहे? जत्रा हीसुद्धा एक रचलेली कृती आहे. तिलाही आरंभ आहे, मांडणी आहे, पात्रे आहेत आणि गाळलेली प्रकरणे आहेत. तेव्हा तिच्यावर टीकालेख लिहिणे अगदीच अस्थानी ठरू नये.

हा प्रश्न मी मुद्दाम दूरच्या उदाहरणावर तपासून पाहणार आहे. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकले की मात्र नाक जागे होते. त्या घरातून परत आल्यावर आपलाही उंबरठा जरा निराळा दिसतो, असा माझा वाचनातला अनुभव आहे.

२

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बर्क्स परगण्यात कुट्झटाउन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १९५० साली एक लोकजीवन-उत्सव सुरू झाला. त्या देशातल्या अशा उत्सवांतला तो एक जुना आणि नावाजलेला उत्सव होय. त्याच्या मुळाशी तीन शिक्षक होते : आल्फ्रेड शूमेकर, डॉन योडर आणि विल्यम फ्राय. तिघेही लँकेस्टरच्या फ्रँकलिन अँड मार्शल महाविद्यालयात शिकवीत. आदल्याच वर्षी, १९४९ साली, त्यांनी तेथे लोकसाहित्याचे केंद्र काढले होते आणि एक नियतकालिकही चालवायला घेतले होते. राजेरजवाडे, लढाया आणि करारनामे यांच्या पलीकडे साध्या माणसाचे जगणे हाच अभ्यासाचा विषय होय, अशी त्यांची धारणा होती. तो काय खातो, कोठार कसे बांधतो, मूल जन्मल्यावर काय करतो, मेल्यावर काय गातो, हे सगळे टिपून ठेवले पाहिजे, असे ते म्हणत. आज ही गोष्ट आपल्याला सरळ वाटते. त्या काळी विद्यापीठात ती सांगायला धैर्य लागत असे.

ज्यांच्या जीवनाचा हा उत्सव, त्या लोकांना तिकडे 'पेनसिल्व्हेनिया डच' म्हणतात. हॉलंडशी त्यांचा संबंध नाही. ते मूळचे जर्मन भाषक. आपल्या बोलीला ते 'डाइच' म्हणतात. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून, आणि अठराव्या शतकात तर लोंढ्यांनी, ऱ्हाईनकाठच्या मुलखातून ते तेथे आले. परके लोक आमिश म्हटले की या समाजाला ओळखतात. काळे कपडे आणि घोड्याची बग्गी एवढेच चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे असते. वस्तुतः यातले बहुसंख्य लोक ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड पंथांचे होते. त्यांना रंगाचे वावडे नव्हते. त्यांच्या कोठारांवर चांदण्या होत्या, पेटाऱ्यांवर फुले-पाखरे होती. दोन महायुद्धांत जर्मन भाषेकडे अमेरिकेत संशयाने पाहिले गेले. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी या लोकांनी आपली बोली, आपले जेवण आणि आपली कारागिरी उघड्या मैदानावर मांडली. या मांडण्यात मिरवणे होते, तसा सुटकेचा निःश्वासही असला पाहिजे. म्हणून त्या उत्सवाला कोणी नुसते 'बाजार' म्हणून उडवून लावू लागला तर मी त्याच्या बाजूला उभा राहणार नाही.

उत्सवात काय असते? लोहाराचा भाता असतो. सफरचंदांचा रस मोठ्या काहिलीत तासन् तास आटवून त्याचा दाट मुरंबा करतात, तो असतो. बोलीतले विनोद आणि गाणी असतात. आणि सर्वांत नावाजलेल्या असतात त्या गोधड्या. तुकड्याला तुकडा जोडून, त्यावर बारीक टाक्यांची नक्षी घालून केलेल्या या गोधड्या पाहायला माणसे लांबून येतात, आणि निवडक गोधड्यांचा लिलावही होतो.

त्या कोठारांवरच्या चांदण्यांची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. प्रवाशांमध्ये अशी समजूत पसरली की या चांदण्या चेटूक टाळण्यासाठी काढतात. 'हेक्स' म्हणजे चेटूक. म्हणून त्यांना 'हेक्स' चिन्हे म्हणू लागले. शूमेकरांनी १९५३ साली 'हेक्स, नो!' नावाची पुस्तिका लिहून हे साफ नाकारले. ही केवळ शोभा आहे, शेतकऱ्याने हौसेने काढलेली आहे, असे त्यांचे म्हणणे. पण विद्वान नाही म्हणत राहिला आणि गिऱ्हाईक चेटूकच मागत राहिले. कोठाराच्या लाकडावरची चांदणी गोल फळीवर उतरली, मग छापलीही जाऊ लागली आणि घराच्या भिंतीवर टांगायला विकली जाऊ लागली. गिऱ्हाइकाला कलेपेक्षा कलेची दंतकथा हवी असते, हे पहिले तात्पर्य. परंतु हे तात्पर्य कोणत्याही जत्रेला लागू पडेल. कुट्झटाउनच्या उत्सवाचे खरे मर्म दुसऱ्याच एका प्रयोगात आहे.

३

या उत्सवात गोधड्या आणि मुरंबा यांच्या शेजारीच एका फाशीचा प्रयोग वर्षानुवर्षे दाखवला गेला आहे. लाकडी वधस्तंभ, जमलेले प्रेक्षक, हकिकत सांगणारा निवेदक आणि शेवटी दोरीला लटकणारी एक बाहुली. ही बाहुली सुझॅना कॉक्सची.

सुझॅना कॉक्स कल्पनेतली नाही. बर्क्स परगण्यातल्या एका शेतकरी घरात ती मोलकरीण होती. लहानपणीच कामाला लावलेली, शिक्षण नाही, पाठीशी कोणी नाही. १८०९ च्या फेब्रुवारीत त्या घराच्या आवारात एक मेलेले अर्भक सापडले. ते तिचे होते. खटल्यात तिने गुन्हा नाकारला. पुढे तिच्या नावाने एक कबुलीजबाब छापला गेला. दयेचा अर्ज निष्फळ ठरला. त्याच वर्षी जूनमध्ये रीडिंग गावी हजारो माणसांच्या डोळ्यांदेखत तिला फाशी दिले. तेव्हा तिचे वय चोविशीच्या आसपास होते. त्या बाळाच्या बापावर खटला झाला नाही.

आता यातली खरी लोककला पाहा. तिच्या मृत्यूनंतर तिच्यावर जर्मनमध्ये एक शोकगीत झाले. ते एका शाळामास्तराने रचले असे सांगतात. एका कागदावर छापून ते विकले जाई. जर्मनमधून ते इंग्रजीत गेले, पुनःपुन्हा छापले गेले आणि शंभराहून अधिक वर्षे लोकांच्या तोंडी राहिले. आपल्याकडे पोवाड्याची आणि आख्यानाची चोपडी जशी जत्रेत विकली जाई, तसाच हा प्रकार. रूढ अर्थाने ते गीत काही बंडखोर नाही. त्यात पापाची भीती आहे आणि लेकीसुनांना दिलेला धडा आहे. पण त्यात करुणा आहे, आणि ही करुणाच त्याला शंभर वर्षे पुरली. कायद्याने त्या पोरीला जे दिले नाही ते गावाने तिच्या मागे का होईना, गाण्यातून दिले.

याच समाजाची सर्वांत देखणी कला कोणती, असे विचारले तर कलेचे जाणकार 'फ्राक्तुर'कडे बोट दाखवतात. वळणदार जुन्या जर्मन अक्षरात लिहिलेली, भोवती फुले, पाखरे आणि देवदूत रंगवलेली ही जन्माची आणि बाप्तिस्म्याची पत्रे. ती लिहिणारे बरेचसे गावचे शाळामास्तरच असत. मूल अमक्या दिवशी, अमक्या आईबापांच्या पोटी जन्मले, अमक्याने त्याला बाप्तिस्मा दिला, असे त्यावर लिहीत. आज ही पत्रे वस्तुसंग्रहालयांत काचेमागे आहेत. पेनसिल्व्हेनियातले जर्मन छापखाने अशी जन्मपत्रेही छापीत आणि अशी शोकगीतेही छापीत. सुझॅनाच्या बाळाचे जन्मपत्र कोणी रंगवले नसणार, हे सांगायला संशोधन नको. त्याच्या वाट्याला समाजाची एक कला आली नाही म्हणून दुसरी आली. ज्या जन्मासाठी फुलापाखरांचे पत्र निघू शकले नाही, त्या जन्मासाठी शोकगीत निघाले.

४

या प्रयोगाला दोन्ही बाजूंनी उत्तरे देता येतील. समर्थक म्हणेल : आम्ही निदान काही लपवले तर नाही! इतर जत्रा नुसता गोडवा मांडतात; आम्ही आमच्या पूर्वजांचे क्रौर्यही मांडले. या प्रयोगामुळेच त्या अभागी मुलीचे नाव आजही माहीत आहे. हा युक्तिवाद फेकून देण्यासारखा नाही. विस्मृती ही दुसरी फाशी असते. आणि ज्याने वधस्तंभ काढून टाकला, तो उरलेल्या मंडपाला अधिक खोटा करील, हेही मला मान्य आहे.

परंतु प्रयोगात नेमके काय होते ते पाहावे. शोकगीत ऐकताना ऐकणारा सुझॅनाच्या बाजूला बसतो. बाहुली लटकताना पाहणारा मात्र १८०९ च्या त्या गर्दीत जाऊन उभा राहतो. हातात खाऊ असतो, खांद्यावर मूल असते, उन्हाळ्याची सुट्टी असते. हा फरक लहान नाही. कलाप्रकार बदलला की प्रेक्षकाची जागा बदलते, आणि जागा बदलली की नीती बदलते. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. तेथेही भ्रूणहत्येचा खोटा खटला आहे; वेळ घालवण्यासाठी मांडलेला खेळ आहे. त्या खेळात आरोपी केलेली बाई बेणारे नावाची शिक्षिका आहे. पण तेंडुलकरांच्या हातात खेळाचे सत्य होत जाते, आणि हसणाऱ्या प्रेक्षकाला आपल्या हसण्याची लाज वाटू लागते. कुट्झटाउनच्या मैदानावर उलट घडते. तेथे सत्याचा खेळ होतो.

माझा यापेक्षाही मोठा आक्षेप मांडणीवर आहे. त्या उत्सवात सूतकताई, विणकाम, शिवण, लोणी घुसळणे, मुरंबा आटवणे ही सगळी कामे 'कला' म्हणून कौतुकाने दाखवतात. ही कामे १८०९ मध्ये कोण करीत होते? घरची बाई करीत होती हे खरे. पण ज्या घरी मोलकरीण होती तेथे ती मोलकरीणच करीत होती. तिचे काम एका मंडपात कला म्हणून मांडलेले आहे आणि तिचे मरण दुसऱ्या जागी करमणूक म्हणून. मध्ये चालायला वाट आहे. पण ही दोन्ही एकाच मुलीची आहेत, असे सांगणारी पाटी त्या वाटेवर मांडणीने लावलेली नाही. जत्रेने गाळले आहे ते हे. क्रौर्य गाळलेले नाही, कारागिरी गाळलेली नाही. दोहोंना जोडणारा सांधा तेवढा गाळला आहे. 'आद्य वसाहतकरी' हा शब्दही असाच सांधा झाकतो. ज्या भूमीवर ते प्रथम आले म्हणतात, तेथे लेनापे लोक आधीपासून राहत होते. प्रथम कोण, हे सांगणाऱ्याच्या सोयीने ठरते.

५

आता आपल्या उंबरठ्याकडे वळू.

आपली खेड्यातली कारागिरी अमेरिकेतल्यासारखी हौसेने किंवा नुसत्या गरजेने उभी राहिलेली नाही. ती जातीने बांधलेली होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, तेव्हा बलुतेदारांचे हक्क, कामे आणि त्यांतली ओढाताण यांचा एवढा तपशील त्यांनी दिला की आजही त्या विषयावर लिहिणाऱ्याला ते पुस्तक टाळता येत नाही. पुढे १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले. शब्द तोच. एकाने तो व्यवस्थेच्या बाजूने पाहिला, दुसऱ्याने तो अंगावर वागवला. मराठी वाचकाने ही दोन्ही पुस्तके वाचली आहेत. तरी आपल्या जत्रेतल्या गवताच्या छपराखाली 'बारा बलुतेदार' अशी पाटी लागते, तेव्हा पहिल्या पुस्तकाचा तपशील असत नाही आणि दुसऱ्या पुस्तकाची वेदना तर नसतेच. फेटे मात्र असतात.

मी शाळेत शिकवतो, म्हणून एक गोष्ट सांगतो. एका वर्षी स्नेहसंमेलनात बलुतेदारांचा देखावा करायचे ठरले. सुतार, लोहार, कुंभार यांच्या भूमिकांना पोरांच्या उड्या पडल्या. चांभाराची भूमिका कोणी घेईना. वर्गात एक पोर होता, त्याच्या आजोबांच्या हातचे जोडे अजून गावात काहींच्या पायात आहेत. कोणीतरी त्याच्याकडे पाहिले. तो पटकन् उठून म्हणाला, "गुरुजी, मी पोलीस होतो." देखाव्यात पोलीस नव्हताच. आम्ही तो घातला. माझ्या मते त्या पोराने केलेली टीका या लेखापेक्षा नेमकी होती. आपल्या आजोबांचे कसब त्याला ठाऊक होते. पण त्या कसबाबरोबर गावाने काय काय दिले तेही त्याला ठाऊक होते. आपल्याला त्यातले एकच हवे होते.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथे प्राडा या प्रसिद्ध घराण्याच्या प्रदर्शनात तसल्याच चपला दिसल्या आणि कोल्हापूरचे नाव तेथे घेतलेले नव्हते, तेव्हा महाराष्ट्रभर संताप झाला. संताप रास्त होता. पुढे त्या घराण्यानेही या चपलांमागची प्रेरणा मान्य केली. पण मला एक विचारावेसे वाटते. परक्याने नाव घेतले नाही म्हणून आपण रागावलो; आपण स्वतः ते नाव घेत आलो ते गावाचे की माणसाचे? चपलेला कोल्हापूरचे नाव आहे. ती करणाऱ्या समाजाला त्या नावात जागा नाही.

सुझॅनाचे दुःखही आपल्याला परके नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी मुले मारू नयेत, गुपचूप यावे, बाळंत व्हावे आणि सुखरूप जावे, यासाठी. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला याच गुन्ह्यासाठी फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या चालीवर जो गहजब झाला, त्याला उत्तर म्हणून १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. पेनसिल्व्हेनियात त्या मुलीसाठी गाणे झाले. आपल्याकडे घर झाले आणि ग्रंथ झाला. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण आपल्या कोणत्या सांस्कृतिक महोत्सवात त्या घराचा नुसता नकाशा तरी मांडलेला असतो?

६

तर मग जत्रा भरवूच नये काय? असे मी म्हणत नाही. गोधडी सुंदर असते आणि सुंदर गोष्ट चार माणसांनी पाहावी. कारागिराला चार पैसे मिळतात, तेही थोडे नव्हे. प्रश्न सांधा जोडण्याचा आहे. आणि तो जोडता येतो, याचा पुरावा आपल्याच घरात आहे.

जात्यावरच्या ओव्या घ्या. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून लोकांपुढे येत आहेत. या कामाचे मोठेपण नुसत्या संख्येत नाही. ओवी कोणी म्हटली, कोणत्या गावची, तिचे जगणे कसे होते, हे ओवीबरोबर ठेवलेले आहे. माहेरची ओढ, सासरचा जाच, भाऊ, लेक, विठ्ठल, बाबासाहेब असे सगळे त्या गाण्यांत आहे, आणि प्रत्येकीमागे एक नाव आहे. जाते गेले, पिठाची गिरणी आली, बायकांच्या खांद्यांवरचे ओझे उतरले. त्याबद्दल रडायचे कारण नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी म्हणाली होती, "जातं गेलं ते बरं झालं. गाणं राहिलं असतं तर आणखी बरं झालं असतं." लोकजीवनाच्या संग्राहकाला यापेक्षा चांगले धोरण मी सांगू शकणार नाही.

जत्रेला मी एवढेच मागेन. वस्तूशेजारी हात दिसू द्या, आणि हाताशेजारी त्या हाताला काय मिळाले ते दिसू द्या. जाते मांडले तर पहाटे किती वाजता उठावे लागे ते लिहा. चपला मांडल्या तर त्या करणाऱ्याला गावाच्या कोणत्या बाजूला राहावे लागे ते लिहा. कुट्झटाउनला मी म्हणेन की बाहुली उतरवा आणि ते शोकगीत गोधड्यांच्या मंडपात नेऊन गा. तुकड्याला तुकडा जोडणाऱ्या त्या कापडांच्या मध्येच त्याची खरी जागा आहे.

यावर कोणी म्हणेल, इतके सगळे लिहिले तर जत्रेला कोण येईल? येतील. शंभर वर्षे लोकांनी सुझॅनाचे गाणे पैसे देऊन विकत घेतले, ते काही हसण्यासाठी नव्हे. सामान्य माणसाला दुःख सोसत नाही, हा सुशिक्षितांचा गैरसमज आहे. लोककला ज्यांनी निर्माण केली ते दुःख गाऊ शकत होते. ती पाहायला येणाऱ्यांना ते ऐकता येणार नाही असे धरून चालणे हा त्यांचा अपमान होय.